‘ओपेनहायमर’मध्ये रोटब्लाट का नाही?

निशिगंध:
काल ‘ओपेनहायमर’ (२०२३) दुसऱ्यांदा पाहिला, पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांच्या प्रमुखावरचा नोलनचा सिनेमा. थिएटरात पाहिला तेव्हा बॉम्बच्या चाचणीच्या प्रसंगाने अंगावर काटा आला होता: आधी नुसता लख्ख उजेड, आवाज कितीतरी उशिरा. काल घरी पाहताना मात्र एक गोष्ट फार खुपली. तीन तास नोलन नायकाच्या मनातली टोचणी दाखवतो, पण बॉम्बच्या कामातून उठून निघून गेलेल्या माणसाला जागाच देत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट. मूळचा पोलंडचा, १९४४ मध्ये ब्रिटिश पथकाबरोबर लॉस अलामॉसला, म्हणजे अमेरिकेत जिथे बॉम्ब बनत होता तिथे आलेला. बायको तोला १९३९ मध्ये पोलंडमध्ये अडकली ती कायमची. ज्यूंच्या संहारात गेली. जर्मनीचा राग त्याच्याइतका कुणाला असणार? तरी जर्मनीकडे बॉम्ब होणार नाही हे कळल्यावर १९४४ च्या अखेरीस त्याने काम सोडलं. बाकीचे राहिले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला, तरीही राहिले. १६ जुलैला चाचणी झाली. मधले हे दोन महिने सिनेमाचा गाभा व्हायला हवे होते.

कोकणकडा:
निशिगंधताई, साफ असहमत. हिटलर मेला, आता बॉम्ब कशाला, ही सभा सिनेमात आहे की! जपानला शरण यायची संधी दिल्याशिवाय बॉम्ब टाकू नका, हा शास्त्रज्ञ झिलार्डचा अर्जही आहे. आणि नोलनने पटकथाच ओपेनहायमरच्या तोंडून, ‘मी’ म्हणून लिहिली आहे. त्याच्या डोक्यात जे नव्हतं ते कसं दाखवणार? जर्मनी संपला म्हणून युद्ध संपलं नव्हतं. ओकिनावात जूनपर्यंत माणसं मरत होती, चीनमध्ये जपानी फौजा होत्याच. आणि रोटब्लाट गेला म्हणून काय थांबलं? काहीच नाही.

सांजवेळ:
कोकणकडा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून गीतेचा तोच श्लोक आठवला, ज्यातली ओळ ओपेनहायमरच्या नावावर जगभर फिरते. ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो’. लोकांचा नाश करणारा काळ मी आहे. त्याने संस्कृत शिकून गीता मुळातून वाचली होती. इंग्रजीत त्या ‘काला’चा ‘मृत्यू’ झाला, ते एक सोडा. पण पुढे काय आहे? ‘ऋतेऽपि त्वां न भविष्यन्ति सर्वे’. तुझ्याशिवायही हे सगळे उरणार नाहीत. तू नाही केलंस तरी होणारच, हेच ना तुमचं म्हणणं?

कोकणकडा:
हो, आणि त्यात चूक काय? निघून जाणं सोपं असतं. झिलार्ड आत राहून भांडला, सत्तरेक सह्या जमवल्या. मला तो मोठा वाटतो.

निशिगंध:
झिलार्ड मोठाच, वाद नाही. पण त्या अर्जावर तारीख आहे १७ जुलै, चाचणीच्या दुसऱ्या दिवसाची. आणि रोटब्लाट जाऊन गप्प बसला नाही. १९५७ पासून अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या पगवॉश परिषदांसाठी राबला, १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

सांजवेळ, श्लोक अगदी नेमका आठवलात. फक्त तिथे सांगणारा श्रीकृष्ण होता. इथे होता बॉम्ब प्रकल्पाचा प्रमुख, लष्करातला जनरल ग्रोव्हज. त्याचं ‘होणारच आहे’ मी का मान्य करू?

आणि कोकणकडा, ‘डोक्यात नव्हतं ते कसं दाखवणार’ म्हणालात. हिरोशिमाच्या स्लाइड्सचा प्रसंग आठवा. पडद्यावर काय आहे ते आपल्याला दिसतच नाही. दिसतो फक्त ओपेनहायमरचा चेहरा, आणि तो मान खाली घालतो. त्या स्लाइड्स तर त्याच्यासमोरच होत्या.