उन्हाळ्यातला नाताळ

पाठीवर सॅक टाकून ऑस्ट्रेलियात फिरताना नाताळ सुनासुना जाईल का, असा प्रश्न अनेकांना पडतो. अजिबात नाही! हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी खरी धमाल असते: कुणी कोळंबी सोलतंय, कुणी पावलोव्हाच्या (अंड्याच्या पांढऱ्या भागाचा गोड केक) क्रीमवर आंब्याच्या फोडी नि पॅशनफ्रूट रचतंय, बाहेर बार्बेक्यू तापलाय. मला तर थंडीतल्या नाताळापेक्षा हाच जास्त आवडतो. २५ला बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा किराणा आदल्या दिवशीच भरा. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर पोहायचं तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. तिथला प्रवाह आत ओढतो, यात हयगय नकोच. २६ला सिडनी बंदरातून टास्मानियातल्या होबार्टपर्यंतची शिडाच्या नौकांची शर्यत सुटते, १९४५पासून. किनाऱ्यावरून फुकट दिसते. मुक्काम मेलबर्नला असेल तर मात्र एमसीजी या क्रिकेट मैदानावर २६लाच सुरू होणारी बॉक्सिंग डे कसोटी सोडू नका.