मदत हवी आहे : बाथरूमलगतच्या भिंतीला ओल, गळती नक्की कुठे?

बेडरूमच्या ज्या भिंतीमागे बाथरूम आहे, तिला खालून ओल धरली आहे. स्कर्टिंगच्या वर फूटभर रंगाला फुगे आलेत, पोपडे सुटतायत, नखाने खरवडलं की मिठासारखी पांढरी पूड हातात येते. वासाचं तर विचारूच नका.

प्लंबर म्हणतो, आतला पाइप गळतोय, टाइल्स फोडू. रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, काम झालं. मला दोन्ही पटत नाही. पाणी मागून येत असेल तर पुढचा लेप सुटणारच. आणि सगळे नळ बंद ठेवून रात्रभर मीटर पाहिला, काटा जागचा हलला नाही. म्हणजे नळाची लाइन बहुधा ठीक आहे. उरले नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जिथून ड्रेनेजमध्ये जातं ते तोंड), ड्रेनेजचा जोड आणि टाइल्समधल्या फटींत भरलेलं ग्राउट. शॉवरखालचं ग्राउट जागोजागी उडालंय, त्यामुळे माझा संशय तिथेच.

ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर २४ तास पाणी साठवलं तर फरशी की ड्रेनेज, हे वेगळं कळेल का? नुसतं इपॉक्सी ग्राउट भरून कोणाचं भागलंय का, की खालचं वॉटरप्रूफिंगच नव्याने करावं लागलं? गळती थांबल्यावर भिंत किती सुकू द्यावी? फोडाफोड अगदीच नाइलाज झाला तरच करायची आहे.