मदत हवी आहे: घाट उतरताना सायकलचं हँडल थरथरतं. दोष चाकाचा की फ्रेमचा?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो. सकाळचे पावणेसात, पर्यटकांच्या गाड्या अजून यायच्या होत्या, रस्ता आपलाच. वेग ताशी ४८ किमीवर गेला आणि हँडल एकाएकी डावी-उजवीकडे थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता खराब आहे, पण डांबर तर नवंकोरं. मग वाटलं पंक्चर. तेवढ्यात अख्खी फ्रेम मांड्यांखाली वळवळायला लागली. मी मुठी आवळल्या, दोन्ही ब्रेक दाबले, तर ते आणखीच वाढलं. वेग ३८ च्या आसपास उतरला तेव्हा कुठे आपोआप शांत झालं. सगळा खेळ सहा-सात सेकंदांचा, म्हणजे सत्तर-ऐंशी मीटर. पुढचं वळण फार लांब नव्हतं. (घरी यातलं काही सांगितलेलं नाही. इथे कुणी ओळखीचं असेल तर कृपया तोंडावर बोट.)

सायकल ॲल्युमिनियमची रोडबाईक, ५८ ची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ७०० बाय २८ चे टायर, पुढे ८० पीएसआय हवा. माझी उंची ६ फूट १ इंच, वजन ८२ किलो. सीटखालच्या पिशवीत ट्यूब, पंप, पाने वगैरे दीडेक किलो सामान. तीन वर्षांत हाच घाट कितीतरी वेळा उतरलोय, असं कधीच झालं नव्हतं. नवीन म्हणाल तर पुढचा टायर आणि ट्यूब, दोन्ही पंधरा दिवसांपूर्वी बदलले.

नेहमीच्या दुकानात नेली. कारागिराने चाक गरगर फिरवलं, "आउट नाही साहेब, तुम्ही घाबरलात," म्हणाला (म्हणजे चाक वाकडं नाही) आणि हँडल घट्ट धरायचा सल्ला दिला. घट्ट धरूनच तर वाढलं होतं! हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, मी स्वतः तपासला: पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली, कुठेही खडखड नाही. तारांचा ताण ठीक, हबलाही खेळ नाही.

आता जिथे अडलोय ते सांगतो. मागून येणाऱ्या मित्राच्या हेल्मेटवर कॅमेरा होता, सेकंदाला ६० फ्रेम टिपणारा. घरी एकेक फ्रेम सरकवत मोजलं. हँडल डावीकडून उजवीकडे जाऊन परत यायला नऊ ते दहा फ्रेम लागतात. म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा हेलकावे. मग चाकाचं गणित केलं. घेर २.१४ मीटर धरला तर ४८ किमी वेगाला चाक सेकंदाला ६.२ फेरे घेतं. आकडे इतके जुळल्यावर संशय चाकावरच येणार ना? म्हणून सायकल टांगून पुढचं चाक हलकेच सोडलं. दर वेळी वॉल्व्ह खाली येऊनच थांबतो. म्हणजे त्या बाजूला वजन जास्त आहे.

पण वाचायला बसलो तर भलतंच. या थरथरीला शिमी म्हणतात आणि ती बहुधा फ्रेम, फोर्क आणि टायर यांच्या स्वतःच्या लवचिकतेतून येते, चाक अगदी सरळ असलं तरी. सायकल तोल कशी धरते याची १८९९ पासूनची समीकरणं आहेत, पण त्यात फ्रेम कडक धरलेली असते, त्यामुळे ही थरथर त्यात उमटतच नाही. शाळेत सांगितलेलं 'चाकं फिरतात म्हणून सायकल उभी राहते' हेही अर्धवटच निघालं. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी उलट फिरणारी जादा चाकं लावून तो परिणाम पुसून टाकलेली एक सायकल बनवली, आणि ढकलून सोडली तर ती तरीही तोल सांभाळत पळाली. वाचायला मजा आली, पण माझ्या हँडलचं काय?

पुढच्या महिन्यात ३०० ची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची ३०० किमीची सायकलफेरी. वीस तासांची मुदत, म्हणजे एखादा उतार अंधारात येणारच. चाकाला वजन चिकटवू, फोर्क बदलू की फ्रेमच लहान घेऊ? फोर्कचा खर्च फुकट गेला तर जिवावर येईल. कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद

आधी फोर्क बदलू नका. उत्तर तुमच्याच व्हिडिओत आहे. तुम्ही हेलकावे सुरुवातीचे मोजले असणार. आता शेवटचे मोजा, वेग ३८ वर आला तिथले. दोष नुसता चाकाचा असेल तर वेगाबरोबर हेलकावेही मंदावायला हवेत. ३८ ला चाक सेकंदाला पाचच फेरे घेतं, म्हणजे एका हेलकाव्याला बारा फ्रेम लागल्या पाहिजेत. नऊ-दहाच राहिल्या तर तो ठेका सायकलचा स्वतःचा.

आणि एक विचारतो, हसू नका. थंडी वाजत होती का? कुडकुडणाऱ्या हातांनीही हे सुरू होतं. माझं सिंहगड उतरताना झालं होतं, तेव्हापासून उतारावर विंडचीटर घालतो.

पुन्हा झालं तर दोन्ही गुडघे दांडीला घट्ट चिकटवा, बूड सीटवरून जरासं उचला, हात सैल सोडा, ब्रेक हळूहळू. गुडघ्यांनी थरथर शोषली जाते. मुठी आवळल्या की उलट तुमचे खांदेही त्या झुलण्यात सामील होतात. उंच माणूस आणि मोठी फ्रेम, त्यात सीटमागे वजन, हे सगळं थरथरीच्या पथ्यावर पडणारंच.

धागाकर्ता

पुन्हा मोजलं. शेवटच्या तिन्ही हेलकाव्यांना दहा-दहा फ्रेम! बारा एकदाही नाही. म्हणजे ठेका सायकलच्या फ्रेमचा. पण सुरुवात नेमकी ४८ लाच का, याचं उत्तर मला वाटतं चाकात आहे. झोपाळ्याला त्याच्याच लयीत कुणी ढकलावं तसं वॉल्व्हचं जादा वजन नेमकं त्या वेगाला ढकलत असणार. तेव्हा वॉल्व्हच्या समोर रिमवर वजनाची पट्टी लावतो, पिशवीतलं सामान जर्सीच्या खिशात घेतो. दोन्ही एकदम नको, एका रविवारी एकच बदल, नाहीतर कशाने थांबलं ते कळायचंच नाही.

आणि हो, थंडी वाजत होती. अंगात नुसती जर्सी, दात वाजत होते. हे मला सुचलंच नव्हतं, आभार.

एक राहिलं: माझे ब्रेक रिमवर दाबणारे (रिमब्रेक) आहेत, तर अशा रिमवर वजनाची पट्टी नेमकी कुठे लावायची? ब्रेकपॅडला घासणार नाही आणि घाटात रिम तापली तरी निघणार नाही अशी जागा कुणी शोधली आहे का?