बाबांची गाठ जठराच्या खालच्या भागात आहे, जागेनं फरक पडतो का?

रामबागकर
आम्ही इंदूरचे. बाबा ६७ वर्षांचे. दोन महिने झाले, सकाळी नऊला खाल्लेले पोहे संध्याकाळी उलटीत जसेच्या तसे. ॲसिडिटी समजून आम्ही गोळ्या देत बसलो. परवा दुर्बीण घातली. ‘अँट्रम’मध्ये, म्हणजे जठराच्या खालच्या भागात, गाठ; बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. सीटी स्कॅन सोमवारी. शेजारचे काका याच रोगानं वर्षाच्या आत गेले, म्हणून आई नीट जेवतही नाही. त्यांची गाठ वर, अन्ननलिकेच्या तोंडाशी होती म्हणे.

स्नेहलतागंजची काकू
अरे, आधी आईला जेवायला बसव. त्या काकांचा हिशोब बाबांना लावू नका.

मी डॉक्टर नाही, पण आमच्या यांची गाठ वरचीच होती, २०१९ साली. उलटी नव्हतीच. घास अडकायचा. आधी भाकरी, मग पोळी, मग मऊ भातसुद्धा. मी म्हणायचे, शेव कमी खा! वरची गाठ लठ्ठपणा आणि जुन्या ॲसिडिटीशी जास्त जोडलेली, खालची हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूशी. खालची असली की पुढचा रस्ताच आवळतो, म्हणून सकाळचे पोहे संध्याकाळी बाहेर.

मोठा फरक ऑपरेशनात. खालच्या गाठीत बहुतेकदा जठराचा वरचा भाग राखता येतो. यांचं सगळं जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. आता बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर, आणि ताट नाही, दिवसातून सहा-सात वाट्या. सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलो तर तळलेल्या गराडूची, म्हणजे कंदाची, एक फोड खातात नि माझ्याकडे बघतात.

लॅबवाला
वरच्या गाठी एकंदरीत उशिरा सापडतात आणि निकाल खालच्यांपेक्षा वाईट येतात, हे खरं. पण जागेपेक्षा स्टेज मोठी. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली, लिम्फ ग्रंथींत पोचली का, लिव्हर आणि पोटाच्या पोकळीचं अस्तर स्वच्छ आहे का, ते बघा. अस्तरावरचे बारीक ठिपके सीटीत सुटू शकतात, म्हणून कधीकधी आधी पोटाला छोटं छिद्र पाडून आत कॅमेरा घालून बघतात. सगळी भिंतच चामड्यासारखी जाड झालेली असेल, तर तो प्रकार वेगळा आणि जास्त अवघड. तुमच्या रिपोर्टात तसं लिहिलंय का?

रामबागकर
नाही, एकाच जागी गाठ लिहिलीये, तीन सेंटिमीटर. ऑपरेशनआधी केमो देतील का?

लॅबवाला
गाठ खोल किंवा ग्रंथी सुजलेल्या असतील तर बरेचदा आधी काही, नंतर उरलेली. आणि पायलोरीची तपासणी तुम्हा भावंडांसाठीही विचारा.

स्नेहलतागंजची काकू
वजन रोज लिहून ठेव. उतरलेलं वजन ऑपरेशनआधी जमेल तेवढं सावरावं लागतं, यांच्या वेळी त्यातच तीन आठवडे गेले. आज किती भरलं?

रामबागकर
५४. दिवाळीत ६३ होतं. आईनं आत्ता अर्धी पोळी खाल्ली, काकू.