जुन्या गोव्याच्या तुरुंगांची जुनी चित्रे: पुरावा की सजावट?

दिवाडकर

इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगिजांनी गोव्यात चालवलेल्या कॅथलिक धर्मन्यायासनावर, व्याख्यान असो, शाळेची पुस्तिका असो की मोबाईलवर फिरणारा मजकूर, सोबत तीच तीन-चार चित्रे येतात. हातात मेणबत्त्या धरून चाललेली मिरवणूक, टोकदार टोप्या घातलेले कैदी, दोरीने टांगलेला एक माणूस. खाली ओळ असते, 'गोव्याचा तुरुंग'. माझे म्हणणे असे की यांतले एकही चित्र तुरुंगाचे नाही आणि तुरुंग म्हणून ती दाखवणे थांबवायला हवे.

मिरवणुकीचे चित्र शार्ल देलॉनच्या पुस्तकापासून सुरू होते. हा फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमणला पकडला गेला, त्याला गोव्यात आणले, १२ जानेवारी १६७६ च्या ऑटो-दा-फेमध्ये, म्हणजे मिरवणूक काढून शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभात, शिक्षा ऐकवली आणि गलबतांवर सक्तमजुरीला पोर्तुगालला धाडले. सुटल्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १६८७ मध्ये निघाले. त्यातली चित्रे युरोपात कोरलेली आहेत. पुढे बर्नार पिकार या कोरीव चित्रकाराने १७२३ पासून ॲम्स्टरडॅमला धर्मविधींचे जे मोठे ग्रंथ काढले, त्यांत हाच विषय पुन्हा आला. टांगलेल्या माणसाचे चित्रही पिकारच्याच ग्रंथातले. त्याच्या फ्रेंच शीर्षकात 'पवित्र न्यायासन छळ कसा करते त्याच्या नाना रीती' असा मजकूर आहे. गोव्याचे नाव त्यात कुठेच नाही.

आतली चित्रे का नाहीत, याचे उत्तर साधे आहे. सुटणाऱ्या प्रत्येक कैद्याकडून गुप्ततेची शपथ घेतली जाई. जानेवारी १८०८ मध्ये क्लॉडियस ब्युकॅनन हा ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री इथे आला, इन्क्विझिटरकडेच उतरला. दिवाणखाना त्याला दाखवला, कोठड्या मागूनही दाखवल्या नाहीत. चार वर्षांनी, १८१२ मध्ये, न्यायासन कायमचे बंद झाले आणि पुढे वीस वर्षांच्या आत इमारतही जमीनदोस्त झाली. चितारी आत कधी जाणार होता?

लंडनला याच्या उलट. तिथे तुरुंगात पैसे देऊन माणसे ये-जा करीत, म्हणून फ्लीट, न्यूगेट, ब्राइडवेल यांची आतली चित्रे ढिगाने आहेत. जिथे दार उघडे होते तिथलेच चित्र तुरुंगाचा पुरावा ठरू शकते. बंद दाराचे चित्र म्हणजे अंदाज.

ताम्रपट

दिवाडकरबाब, अर्धे मान्य. पण 'वापरणे थांबवा' हे टोकाचे झाले. मिरवणूक उघड्यावर होती, हजारोंनी पाहिली होती आणि देलॉन स्वतः तीत अनवाणी चालला होता. त्या चित्रांतले कपडे त्याच्या मजकुराशी ताडून बघा. पिवळ्या सांबेनितोवर, म्हणजे कैद्याच्या झग्यावर, तांबडा तिरपा क्रूस. जाळायच्या माणसाच्या सामारा नावाच्या करड्या झग्यावर त्याचाच चेहरा, खाली निखारे, भोवती ज्वाळा आणि सैतान. आयत्या वेळी कबुली देऊन वाचलेल्याच्या झग्यावर ज्वाळा खाली तोंड केलेल्या. हे तपशील कोरणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातलेले नाहीत. म्हणजे कैद्यांच्या पोशाखासाठी ही चित्रे वापरता येतात, खोलीसाठी नाही. चित्र खरे की खोटे असे एका दमात ठरवता येत नाही, कोपरा कोपरा वेगळा तपासावा लागतो.

आणि तपासायचे कसे तेही सांगतो, कारण पणजीपासून मुंबईपर्यंत 'अस्सल १६८८', म्हणजे देलॉनच्या पुढच्या वर्षीच्या आवृत्तीचे, म्हणून काहीही विकले जाते.

दहापट भिंग लावा. रेषेऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ते फोटोवरून छापलेले पान, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचे किंवा त्यानंतरचे. कागद उजेडासमोर धरा. सतराव्या शतकाच्या कागदात साधारण अडीच सेंटिमीटरवर उभ्या रेघा आणि त्यांना आडव्या बारीक रेघा दिसतात. एकसारखा, बिनरेघांचा कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आला, तेव्हा १६८८ ची तारीख तिथेच बाद. छपाईच्या तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट कडेने फिरलेली असावी. ती नसेल तर पान कापलेले आहे किंवा छपाई दुसऱ्याच पद्धतीची आहे. सगळ्यात फसवे म्हणजे रंग. देलॉनची चित्रे काळ्या शाईतच छापलेली. पिवळे-तांबडे झगे दिसले तर कुणीतरी मागाहून ब्रश फिरवला आहे, बहुतेक वेळा गिऱ्हाईक मिळावे म्हणून.

शेवटी डावे-उजवे. तांब्यावर कोरलेले उलटे छापते. नक्कल करणारा छापील पान समोर ठेवून जसेच्या तसे कोरतो आणि त्याच्या छापात अख्खे दृश्य आरशासारखे फिरते. अक्षरे तो मुद्दाम उलटी कोरतो, म्हणून मजकूर सरळच वाचता येतो आणि गफलत ध्यानात येत नाही. अशा नकलेवरून 'कॅथेड्रल डावीकडे, म्हणजे मिरवणूक अमुक दिशेला' असे शोधनिबंध लिहू नयेत.

चिरेखाण

चित्रांवर एवढा काथ्याकूट कशाला? देलॉनने मापे दिली आहेत, त्यावरून आराखडा काढा आणि तोच लावा.

सांता काझा, म्हणजे लोकांच्या तोंडी व्हडलें घर, से कॅथेड्रलच्या समोरच्या चौकात. दर्शनी भागाला तीन दारे, मधले मोठे, त्यातून जिना वर दिवाणखान्याकडे. मागे दुमजली तुरुंग, सुमारे २०० कोठड्या. कोठडी १० फूट चौरस, भिंत ५ फूट जाड, वर गजांची लहान खिडकी, उंच माणसाचाही हात पोचणार नाही अशी. प्रत्येक कोठडीला दोन दारे, एकामागे एक, मध्ये जागा. आतल्या मजबूत दाराला अन्न द्यायची खिडकी. बाहेरचे दार सकाळी हवेसाठी उघडे ठेवीत.

इथे बहुतेकजण पहिल्याच पायरीवर घसरतात. इंग्रजी भाषांतर वाचून १० फूट म्हणजे ३.०५ मीटर धरतात. देलॉन फ्रेंच वाचकांसाठी लिहीत होता आणि फ्रेंच फूट साधारण ३२.५ सेंटिमीटरचा. तेव्हा कोठडी ३.२५ मीटर, भिंत १.६२ मीटर. दुसरी चूक, सगळ्या भिंती ५ फुटी धरणे. तसे केले तर एका कोठडीला ४.८७ गुणिले ४.८७, म्हणजे २३.७ चौरस मीटर जागा जाते. एका मजल्यावर १०० कोठड्या म्हटल्या तर जवळजवळ २,३७० चौरस मीटर, ओऱ्या आणि अंगणे सोडून. से कॅथेड्रल ७६ बाय ५५ मीटर, म्हणजे ४,१८० चौरस मीटर. त्याच्या निम्म्याहून मोठा नुसता तुरुंग! मधल्या भिंती २ फुटी धरल्या की आकडा १,५२० वर येतो, आणि मग ती इमारत तिथे बसू शकते. जाड भिंत बाहेरची असणार. चिऱ्याचे दुमजली बांधकाम, वर आमचा पाऊस. बाहेरची भिंत जाड लागतेच. आतली इतकी जाड करून चिरे वाया कोण घालवील?

दिवाडकर

मापाचे गणित आवडले, पण २०० वर एवढी इमारत उभी करू नका. हा माणूस एका कोठडीत होता, ओरीतून चौकशीला नेत-आणत तेवढेच त्याने पाहिले. दारे, खिडकी, भिंत त्याने रोज पाहिली, ते मानतो. कोठड्यांची बेरीज त्याने कुठून आणली? शिवाय काही कोठड्या बिनखिडकीच्या, काळोख्या, लहान होत्या असे तोच सांगतो. मग सगळ्या १० फुटी कशा? तुमचा १,५२० चा आकडा दिसायला नेमका, पण त्याचा पाया ऐकीव.

सांतइनेज

मला लंडनबद्दल बोलायचे आहे, कारण 'दार उघडे म्हणून चित्र खरे' हे मूळ विधानच डळमळीत आहे.

विल्यम होगार्थपेक्षा फ्लीट तुरुंग जवळून जाणणारा चित्रकार मिळणार नाही. त्याचा बाप कर्जापायी तिथेच अडकला होता. १७३५ च्या त्याच्या उधळ्या तरुणाच्या चित्रमालिकेतले ('अ रेक्स प्रोग्रेस') सातवे चित्र फ्लीटचे. त्यात काय आहे? तुरुंगाधिकारी नव्या कैद्याकडून दस्तुरी मागतो आहे, पोऱ्या बिअरचे पैसे मागतो आहे, टेबलावर नाटक नाकारल्याचे पत्र आहे. इथवर सगळे व्यवहाराला धरून. पण मागे किमयागाराची भट्टी, पलंगाच्या छतावर पंख, आणि एका कैद्याच्या हातून राष्ट्राचे कर्ज फेडण्याच्या योजनेचा कागद खाली पडतो आहे. एका खोलीत एवढे सगळे? ते रंगमंचाचे नेपथ्य आहे. दस्तुरीसाठी पुरावा म्हणून घ्या, खोलीच्या लांबी-रुंदीसाठी घेऊ नका.

आकरमान या प्रकाशकाच्या १८०८-१० च्या लंडनच्या ग्रंथात १०४ रंगीत पाने आहेत. इमारती प्युजिनने काढल्या, माणसे रोलँडसनने. ब्राइडवेलची खोली, न्यूगेटचे प्रार्थनागृह, फ्लीट, किंग्ज बेंच, सगळे त्यात आहे. भिंती, खिडक्या, उंची यांवर विश्वास ठेवावा, कारण प्युजिन वास्तूचे रेखाटन करणारा होता. माणसांची ढेरी, नाके, अंगविक्षेप रोलँडसनचे, म्हणजे व्यंगचित्रकाराचे. एकाच पानावर दोन हात, दोन तऱ्हेचे पुरावे. दिवाडकरांच्या उघड्या दाराने यातले काहीच सुटत नाही. कोणता हात काय काढत होता ते बघावे लागते.

तेव्हा गोव्याच्या चित्रांना एक न्याय आणि लंडनला दुसरा, हे चालणार नाही.

पेडणेकर

ही सगळी चर्चा वाचून कुणी उद्या म्हणेल, 'बघा, चित्रे खोटी, म्हणजे छळही खोटा.' आधीच तसे म्हणणारे कमी नाहीत. ब्युकॅननने देलॉनचे पुस्तक इन्क्विझिटरलाच वाचायला दिले होते. काही गोष्टींवर त्याने आक्षेप घेतला, पण कोठड्या, छळ, खटल्याची रीत आणि ऑटो-दा-फे यांचे वर्णन एकंदरीत बरोबर असल्याचे कबूल केले. तुमच्या भिंगापेक्षा मला तो कबुलीजबाब मोठा वाटतो. लोकांना चित्र दिसले तरच ते थांबतात. चित्र काढून घेतलेत तर उरलेला मजकूर वाचणार कोण?

दिवाडकर

पेडणेकर, ती कबुली ब्युकॅननच्या लेखणीतून आली आहे आणि तो प्रोटेस्टंट होता, एवढे तरी सांगा. तरीही मी ती मानतो. खोटे चित्र खऱ्या गोष्टीशेजारी लावले की खोडून काढणाऱ्याला हत्यार मिळते ते त्याच चित्रामुळे.

ताम्रपट

एक मुद्दा कुणीच काढला नाही. देलॉनच्या मजकुरातल्या बऱ्याचशा कोठड्या चुन्याने पांढऱ्या केलेल्या, झाडलेल्या, उजेडाच्या आहेत. सकाळी सहा, दहा आणि दुपारी चार, अशा जेवणाच्या वेळा ठरलेल्या. काळ्या कैद्यांना न्याहारीला पेज, पुढे भात आणि मासळी. गोऱ्यांना पाव, तळलेली मासळी, फळे. जातवार पंगत तुरुंगातही सुटली नव्हती म्हणायची! तिथली खरी शिक्षा शांततेची. मोठ्याने रडले, प्रार्थना केली तरी फटके बसत.

हे तांब्याच्या पत्र्यावर कसे दाखवणार? कोरणारा रेघांवर रेघा मारून काळोख करतो, ती त्याची ताकद. पांढरी भिंत म्हणजे त्याच्यासाठी कोरा कागद, आणि कोऱ्या कागदाची पुस्तके खपत नाहीत. म्हणून युरोपातली तुरुंगचित्रे भुयारी दिसतात. प्रचंड कमानी, जिने, कप्प्या, साखळदंड असलेले चित्र कुणी 'गोव्याची अंधारकोठडी' म्हणून पाठवले तर ते बहुधा पिरानेसी या इटालियन चित्रकाराचे असते. त्याने १७५० च्या आसपास १४ आणि १७६१ ला वाढवून १६ कोरीव चित्रे काढली, सगळे कल्पनेतले तुरुंग.

आणि खरोखर काळोखी जागा होती ती आल्जूब, आर्चबिशपचा तुरुंग. देलॉनला गोव्यात आणल्यावर आधी तिथे टाकले होते. पाहिलेल्या सगळ्या तुरुंगांत तो सर्वांत घाण आणि भयानक, असे तो लिहितो. त्या आल्जूबवर एकही फलक किंवा व्याख्यान मला माहीत नाही, कारण लावायला चित्र नाही. पेडणेकर म्हणतात चित्राशिवाय लोक थांबत नाहीत. पण चित्रांच्या मागे लागून आपणही तिथेच थांबतो जिथे ॲम्स्टरडॅमच्या प्रकाशकाने थांबवले.

म्हापशेंकार

आग्वादचे नाव निघण्याआधीच सांगतो: ही चित्रे तिथे नेऊ नका. किल्ला १६१२ चा असला तरी लोकांच्या आठवणीतला तिथला तुरुंग पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळातला, स्वातंत्र्यसैनिकांचा. डिसेंबर २०२१ पासून ते संग्रहालय आहे आणि कोठड्या जागेवर आहेत, टेप घेऊन मोजा. सांबेनितो आणि सत्याग्रही एका भिंतीवर लावले की दोघांचाही काळ पुसला जातो.

चिरेखाण

२०० चा आकडा आराखड्यातून काढतो, एकच कोठडी काढू. ३.२५ मीटर चौरस, दोन दारे, वरची खिडकी, पाण्याचे मडके, झाडू. त्यावर कुणाचा आक्षेप नसावा. भिंती पांढऱ्या.

सांतइनेज

आहे. तो आराखडाही आजच्या माणसाने काढलेले चित्रच. त्याच्यावर 'देलॉनच्या मजकुरावरून, अमुक साली काढलेले' असे लिहा, नाहीतर पन्नास वर्षांनी तोच 'जुने चित्र' होऊन फिरेल. आणि मिरवणुकीच्या चित्राखाली 'गोव्याचा ऑटो-दा-फे, देलॉनच्या पुस्तकातून, युरोपात कोरलेले' एवढी ओळ पुरे.

पेडणेकर

खालची ओळ मोबाईलवर पहिली कापली जाते. लिहायचेच तर चित्राच्या आत, मिरवणुकीच्या पायांजवळ छापा. कापायची झाली तर माणसेही कापावी लागतील.