लेकीचा सुळा वरून आलाय, काढून टाकायचा का?

गिरगावची_आई: मुलगी १२ची आहे, वरचा डावा सुळा पार हिरडीच्या वरून डोकावतोय, खाली उतरायला जागाच नाहीये. सासूबाई म्हणतात दातावर दात म्हणजे भाग्याचं, राहू दे. नणंद म्हणते उपटून टाक, बाकीचे आहेत की. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं २३ लिहून एक्सरे काढायला पाठवलंय, मी आरशासमोर तिचे दात मोजत बसले, तेवीस काही जुळेना 😅

परळकर: ताई तेवीस नाही, दोन-तीन वाचा. पहिला आकडा तोंडाच्या भागाचा, वर उजवा १, वर डावा २, मग खाली डावा ३, खाली उजवा ४. दुसरा आकडा मधल्या फटीपासून कितवा ते. दोन पटाशीचे सोडले की तिसरा सुळा, म्हणून सुळे १३, २३, ३३, ४३.
मी डॉक्टर नाही, दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, पण सुळा सहसा कोणी उपटत नाही. सगळ्यात लांब मूळ त्याचंच, नाकाशेजारी वरच्या ओठावरून बोट दाबून फिरवा, उंचवटा लागतो ना तो त्याच मुळाचा. जबडा बाजूला सरकवला की सुळे एकमेकांवर घासतात आणि मागच्या वरखालच्या दाढा एकमेकींपासून सुटतात, म्हणून त्या कमी झिजतात. वरचा सुळा येतो ११-१२व्या वर्षी, शेजारची पहिली उपदाढ बऱ्याचदा त्याच्या आधीच येऊन बसलेली, म्हणजे अंधेरीला विरार लोकलमध्ये चढणाऱ्याची गत. ब्रेसेससाठी जागा करायचीच झाली तर बहुतेकदा ती उपदाढ काढतात, तुमच्या केसमध्ये २४.

बोरिवली_स्लो: तुमचा निदान दिसतोय तरी! माझ्या मुलाचा टाळूत आडवा झोपला होता, दुधाचा सुळा चौदाव्या वर्षीही घट्ट आणि आम्ही खूश की दात काय मजबूत पोराचे. अक्कलदाढेनंतर सगळ्यात जास्त अडकतो तो हाच म्हणे. टाळूला काप देऊन दाताला बारीक साखळी चिकटवली, ती तारेला बांधून हळूहळू खेचला, दीड वर्ष गेलं. खर्चाचं टेन्शन असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीचं सरकारी डेंटल कॉलेज बघा.

गिरगावची_आई: थँक्यू, उद्याच एक्सरे काढते. आत्ता घरात सगळे नाकाशेजारी बोट फिरवत बसलेत, सासूबाईंना उंचवटा काही सापडेना, त्यांना कवळी आहे हे सगळेच विसरलो होतो.