‘थॉर: रॅग्नारॉक’ या चित्रपटात मूळ नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणकथा कितपत उरली आहे?

सह्यवासी (प्रश्न)

टायका वायटिटी यांनी दिग्दर्शित केलेला ‘थॉर: रॅग्नारॉक’ (२०१७) नुकताच मुलांबरोबर पुन्हा पाहिला. त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि माझी उत्तरे लवकरच संपली. हेला ही देवांचा राजा ओडिन याची थोरली मुलगी आणि लोकी हा त्याने सांभाळलेला मुलगा असे चित्रपट सांगतो. पुराणांत ही नाती अशीच आहेत का? लायक असेल त्यालाच थॉरचा हातोडा उचलता येतो, ही अट प्राचीन आहे की अलीकडची? आणि देवांच्या विनाशाची (म्हणजे रॅग्नारॉकची) कथा इतक्या हसतखेळत सांगणे मूळ कथेच्या प्रकृतीला धरून आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पोथीवाचक

नात्यांची तर पुरती उलथापालथ झालेली आहे. पुराणांत लोकी हा ओडिनचा सख्खा किंवा मानलेला, कोणताच मुलगा नाही. उलट दोघांनी फार पूर्वी रक्तात रक्त मिसळून बंधुत्व पत्करले होते, आणि एगिर या समुद्रदैत्याच्या घरच्या मेजवानीत सगळ्या देवांची उणीदुणी काढताना लोकी ओडिनला त्याची आठवणही करून देतो. हेल (चित्रपटातील हेला) ही लोकीला आंगरबोडा या राक्षसीपासून झालेली मुलगी. फेन्रिर हा लांडगा आणि पृथ्वीला वेढून बसलेला योर्मुनगांड हा महासर्प ही तिची भावंडे. म्हणजे चित्रपटात जी लोकीची बहीण ठरते, ती पुराणात त्याची लेक आहे. ओडिनने तिला मृतांच्या प्रदेशाचे राज्य दिले खरे, पण आसगार्ड या देवांच्या नगरीच्या सिंहासनावर तिने कधी हक्क सांगितल्याचे आढळत नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. चित्रपटमालिकेत लाउफे हा हिमदैत्यांचा राजा आणि लोकीचा बाप आहे. पुराणात मात्र लाउफे ही लोकीची आई असून बापाचे नाव फार्बाउटी आहे.

ऐरण

हातोड्याची अट पूर्णपणे आधुनिक आहे. ती १९६२ साली स्टॅन ली, लॅरी लीबर आणि जॅक कर्बी यांनी कॉमिकमध्ये आणलेल्या थॉरबरोबर आली. पुराणातील या हातोड्याला, म्हणजे म्योल्निरला, धरणाऱ्याच्या शीलाशी काही देणेघेणे नाही. तो खुज्या कारागिरांनी घडवला, आणि घडवताना लोकीने माशीचे रूप घेऊन भाता मारणाऱ्याच्या पापणीला चावा घेतल्यामुळे त्याची मूठ आखूड राहिली.

‘थ्रिम्सक्विडा’ या काव्यात तर थ्रिम नावाचा दैत्य हा हातोडा सरळ चोरतो, जमिनीखाली खोल पुरून ठेवतो आणि परत देण्याच्या मोबदल्यात फ्रेया या देवीशी लग्न मागतो. मग देवांचा पहारेकरी हाइमडाल याच्या सल्ल्याने खुद्द थॉर नवरीचा शालू, चेहऱ्यावर पडदा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा अशा थाटात मांडवात जातो. ही नवरी एक आख्खा बैल, आठ सामन मासे आणि तीन पिंपे मद्य फस्त करते. थ्रिम चक्रावतो, तेव्हा करवली बनलेला लोकी सांगतो की लग्नाच्या ओढीने नवरीने आठ रात्री अन्नाला स्पर्श केलेला नाही! शेवटी लग्न पवित्र करण्यासाठी थ्रिम स्वतःच हातोडा आणवून नवरीच्या मांडीवर ठेववतो आणि पुढचे सांगायला नको. ज्या परंपरेत ही कथा आवडीने सांगितली गेली, तिला चित्रपटातला विनोद परका वाटला असता असे मला वाटत नाही.

उत्तरवारा

‘ऐरण’ यांच्याशी थॉरपुरता सहमत आहे, रॅग्नारॉकपुरता नाही. ‘वोलुस्पा’ या काव्यात भविष्य जाणणारी स्त्री ओडिनला सगळे आधीच सांगते. फेन्रिर ओडिनला मारणार, थॉर महासर्पाला मारणार आणि नऊ पावलांवर कोसळणार. (वज्रधारी इंद्राने वृत्राला मारल्याची कथा आपल्याला ठाऊक असल्याने ही तुलना सुचतेच, पण इंद्र जगतो आणि थॉर मरतो.) हे ठाऊक असूनही ओडिन वाल्हाला या आपल्या सभागृहात रणात पडलेले योद्धे जमवत राहतो आणि लढायला निघतो.

चित्रपटात थॉर स्वतःच लोकीला पाठवून सुर्तुर या अग्निदैत्याला जागे करवतो, कारण आसगार्ड नष्ट झाल्याखेरीज हेला संपणार नाही आणि प्रजेला तर जहाजातून बाहेर काढता येते. युक्ती देखणी आहे, पण तिच्यामुळे नियतीचा डावपेच होऊन जातो. डोळ्याचेही तसेच. पुराणातला ओडिन ज्ञानासाठी मिमिरच्या विहिरीत आपला डोळा स्वतःहून गहाण ठेवतो. चित्रपटांत बाप आणि मुलगा दोघेही तो लढाईत गमावतात. माझा आक्षेप विनोदावर नसून या सोयीस्कर सुटकेवर आहे.

सह्यवासी

सर्वांचे मनापासून आभार. मूळ कथा वाचायच्या असतील तर सुरुवात कोठून करावी?

पोथीवाचक

स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकाच्या गद्य ‘एडा’पासून करावी, कारण तिच्यात कथा सलग सांगितल्या आहेत, काव्ये त्यानंतर वाचावीत, कारण ती श्रोत्याला कथा ठाऊक आहे असे धरून चालतात. मात्र ‘मूळ’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला इसवी सन १००० च्या सुमारास, आणि स्नोरीने लिहिले १२२० च्या आसपास. तो स्वतः ख्रिस्ती होता. थॉर हा ट्रॉयच्या राजाचा नातू होता, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटलेले आहे. ‘उत्तरवारा’ यांचा आक्षेप मला पटतो, पण या देवांच्या कथा आपल्या काळाच्या सोयीने वळवून घेण्याची सुरुवात चित्रपटवाल्यांनी केलेली नाही. मुलांना वाचून दाखवणार असाल तर थॉर नवरी होतो ती कथा आधी घ्या, आणि लोकीला त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी बांधतात ती कथा मुले मोठी होईपर्यंत राहू द्या.